अर्धं पान आणि चार ओळी

१२ मार्च

खडू,

'प्रिय' वगैरे पुढच्या पत्रात बघू. लेखावर छापतोस ते मोठं नाव लिहायची आज लाज वाटते, म्हणून घरातलंच नाव लिहिते. फोन करणार होते, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मला हसवून विषय बदलतोस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

काल तुमच्या पेपरची रविवारची पुरवणी आली, नेहमीसारखी एक दिवस उशिरा. कंडक्टरबाईंची गाडी इथे चाळीस मिनिटं थांबते, तेवढ्यात त्या माझ्याकडे चहा पितात आणि सगळ्यांना पेपर वाचून दाखवतात, हे तू पाहिलंच आहेस. काल त्या दारातूनच ओरडत आल्या, "आपलं कॅफे पेपरात!" अर्धं पान! गावातली निम्मी माणसं आत गोळा झाली. मी गल्ल्यामागे उभी होते आणि माझी मान इतकी ताठ झाली होती की विचारू नकोस. भाऊ आहे माझा, म्हटलं.

"काळ विसरलेलं छोटंसं कॅफे." काळ विसरलेलं म्हणजे काय रे? गेल्या वर्षी नवी फरशी बसवली मी. "गल्ल्यामागची अबोल मालकीण." यावर सगळे इतके हसले की पाववाल्याला ठसका लागला. त्याला तू "पिठाने पांढरा झालेला भोळा राक्षस" केलंयस. त्या रागात त्याने काल माझा केक न खाताच परत केला. असो, हे सगळं मी गिळलं असतं.

मग कंडक्टरबाईंनी वाचलं, "खिडकीजवळच्या टेबलावर एक वृद्ध घड्याळजी रोज सकाळी दोन कप कॉफी मागवतो. एक कप त्याचा. दुसरा तिचा, जी आता या जगात नाही. ज्याने गावाची सगळी घड्याळं चालू ठेवली, त्याच्या स्वतःच्या घरातलं घड्याळ मात्र तिच्या श्वासाबरोबर थांबलं." वाचता वाचता त्यांचा आवाज खाली खाली गेला. कारण घड्याळकाका तिथेच बसले होते, खिडकीजवळ.

काकांनी मान वर केली. म्हणाले, "बाई, जरा थांबा. माझी बायको कधी गेली म्हणालात?"

कुणी हसलं नाही. काका उठले, टोपी घातली आणि गेले.

खडू, काकू ठणठणीत आहेत. दोन गल्ल्या सोडून राहतात. तू शहरात गेल्यावर चार वर्षांनी ही दोघं इथे आली, म्हणून तुला ठाऊक नाहीत, हे मान्य. पण तू इथे दोन दिवस होतास. तोंड होतं ना तुला? एका माणसाला विचारायचं होतंस!

येत्या रविवारी चूक झाली म्हणून छापा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

ताई

---

१६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चूक झाली, आणि त्याचं मला वाईट वाटतंय. पण तू जेवढं आकाशपाताळ एक केलं आहेस, तेवढं काही झालेलं नाही.

मी कुणाचं नाव छापलेलं नाही, गावाचंही नाही. तो ललित लेख आहे, पंचनामा नाही. वाचकाला त्यातला भाव पोचतो. किती पोचला ते ऐक. चारशेच्या वर पत्रं आली. एका निवृत्त बाईंनी लिहिलंय की लेख वाचल्यावर त्यांनी मुलाशी सहा वर्षांनी अबोला सोडला. संपादक स्वतः माझ्या टेबलाशी आले. या नोकरीत नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आणि एक विचारू? मी तुलाच विचारलं होतं, "हे आजोबा दोन कप का घेतात?" तू काय म्हणालीस, आठवतं? "त्यांना विचारू नकोस. त्याला कारण आहे." आणि असा चेहरा केलास की कुणालाही वाटलं असतं. मग खरं कारण काय आहे? ते कळव, म्हणजे दुरुस्ती नीट छापता येईल.

एक आनंदाची बातमी. संपादकांना याच कॅफेवर फोटोंचं पान हवंय. आमचा फोटोग्राफर गुरुवारी, २८ तारखेला येईल. छान माणूस आहे. तुझा धंदाही वाढेल.

तुझा खडू

---

२० मार्च

खडू,

माझा धंदा वाढला. ये आणि बघ. शनिवारी गाडी भरून माणसं उतरली. चहा नको, काही नको, "ते टेबल कुठलं?" एका जोडप्याने टेबलावर फुलं ठेवली आणि डोळे मिटून उभे राहिले. एका बाईने माझ्याच कपाटातला कप घेतला, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि फोटो काढला. मी म्हटलं, "बाई, ज्यांच्यासाठी ठेवताय त्या आत्ता घरी कपडे वाळत घालत असतील." तर मला म्हणते, "तुम्हाला नाही समजायचं ते." माझ्या कॅफेत उभं राहून मला! फुलं कचऱ्यात टाकली.

काका त्या दिवसापासून आलेले नाहीत. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

त्याहून वाईट काय झालं असेल? इथल्या लोकांना काकू जिवंत आहेत हे माहीत आहे. म्हणजे आता एकच प्रश्न उरला, दुसरा कप कुणाचा? आधी कुणाच्या मनातही नव्हतं. तू लिहिलंस आणि सगळ्यांना खाज सुटली. न्हाव्याच्या दुकानात तर एक बाई ठरवूनही झाली, म्हणे बसने येते. काका सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत रे!

काल काकू आल्या. माझ्या कॅफेत पहिल्यांदा. सकाळी त्या घराबाहेर पडत नाहीत. पेपर हातात, नीट घडी घातलेला. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी कशाने मेले ते यात लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "काकू, माझ्या भावाची चूक आहे. मी माफी मागते."

"तुम्ही कशाला? तुम्ही मारलंत का? ताप आला होता मला की अपघात झाला, तेवढं त्याला विचारा. बहीण काल रडत रडत आली. तिला कुणीतरी कात्रण पाठवलं. दार मी उघडलं तर किंचाळली."

जाताना हळूच म्हणाल्या, "कपाचं सांगू नका हं."

म्हणून सांगत नाही. कारण मागू नकोस. दुरुस्तीत एवढंच छाप की बाई जिवंत आहे. आणि त्या फोटोवाल्याला थांबव. हात जोडून सांगते, हवं तर पाया पडून. थांबव.

ताई

---

२५ मार्च

ताई,

तुझं पत्र संपादकांपुढे ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की 'बायको जिवंत आहे' एवढंच छापलं तर लोक आपल्याला हसतील आणि त्या म्हाताऱ्यालाही. लगेच विचारतील, मग दुसरा कप कुणाचा? तू म्हणतेस तेच. म्हणजे खरं कारण छापल्याशिवाय दुरुस्ती छापण्यात अर्थ नाही. मला हे पटतं.

फोटोग्राफरचं माझ्या हातात नाही. पान ठरलंय. मी त्याला बजावलंय की कॅफेत कुणाला त्रास देऊ नकोस.

आणि आता लिहितोच. तुला माझ्यापेक्षा तुझी गिऱ्हाइकं जवळची आहेत, हे काही नवीन नाही. बाबांच्या आजारपणातसुद्धा तू मला तीन आठवडे कळवलं नव्हतंस, "तुझी परीक्षा आहे" म्हणून. कुणाला काय कळू द्यायचं ते तूच ठरवणार. सगळं पोटात ठेवणार, आणि दुसऱ्याने अंदाज बांधला की त्याच्यावर ओरडणार. मला तेव्हाच खरं सांगितलं असतंस तर मी एक ओळही लिहिली नसती.

खडू

---

३१ मार्च

खडू,

बाबांचं तू लिहिलंस ते खरं आहे. त्याचं उत्तर तोंडावर देईन. आज दुसरं लिहायचंय.

तुमचा छान माणूस गुरुवारी सकाळी आला. मी त्याला दारातूनच सांगितलं, काका येत नाहीत, रिकामी खुर्ची काढ आणि जा. त्याने खिडकीतून दोन फोटो काढले आणि पाववाल्याला पत्ता विचारला. पाववाला भोळा आहे, ते मात्र तू बरोबर लिहिलंस. त्याने थेट नेऊन सोडलं.

मला कळलं तशी मी हातातलं टाकून धावले. काकांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली आहे. दारात पंधरा-वीस माणसं. आत काका त्यांच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग. फोटोवाला म्हणत होता, "फक्त एक घड्याळ उघडा, आजोबा. काम करतानाचा फोटो हवा. हात छान येतात." काका नाही म्हणू शकले नाहीत. त्या न्हाव्याच्या दुकानातल्या गोष्टी त्यांच्या कानावर आल्या होत्या. इतक्या लोकांपुढे नाही म्हटलं असतं तर अजून एक गोष्ट झाली असती.

त्यांनी एक टेबलावरचं घड्याळ उघडलं. चिमट्याने एक बारीक चाक उचललं. हात थरथरायला लागला. सगळा हात, खांद्यापासून. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं तर तोही थरथरायला लागला. चाक पडलं. मग दुसरं. मग डबीच लवंडली आणि स्क्रू सगळीकडे सांडले. आणि तो माणूस कॅमेरा खाली घेईना. कट कट कट.

आता तुला कारण सांगते, कारण आता ते सगळ्या गावाने पाहिलंय. भरलेला कप काकांच्या हातात सांडतो. अर्धा सांडत नाही. अर्धाच मागितला तर कुणीतरी 'का' विचारणार. म्हणून मी त्यांना दोन कप देते, दोन्ही अर्धे. एवढंच आहे ते. हे मला आणि काकूंना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. तुझं प्रेमबीम, श्वासाबरोबर थांबलेलं घड्याळ, तसलं काही नाही. एका कारागिराला त्याचा हात लपवायचा होता.

आणि अकरा वर्षं घड्याळं काकू दुरुस्त करतायत. मागच्या खोलीत, खिडकीशी. सकाळी काका माझ्याकडे बसतात, लोक त्यांच्या हातात घड्याळ देतात, काका "परवा या" म्हणतात. त्या वेळात काकू काम करतात. म्हणून त्या सकाळी कधी दिसत नाहीत.

त्या सकाळी मात्र काकू मागच्या दारातून पुढे आल्या. जमिनीवर बसून एकेक स्क्रू वेचला. काकांच्या डोळ्यावरचं भिंग काढून स्वतःच्या डोळ्याला लावलं, स्टूल ओढलं आणि घड्याळ जुळवायला बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे, घड्याळ टिकटिकायला लागलं. मग त्या फोटोवाल्याला म्हणाल्या, "झालं. आता निघा."

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मी तुला तेव्हा काही सांगितलं नाही, ही चूक माझी असेल. पण न सांगितलेल्या जागेत तू एक बाई मारून टाकलीस, ती तुझी. यातलं एक अक्षर, एक फोटो जर छापून आला, तर या घरी येऊ नकोस. मी तुला दार उघडणार नाही.

ताई

---

३ एप्रिल

ताईंच्या भावास,

आशीर्वाद लिहिणार नव्हते. पण मेलेल्या माणसांचा आशीर्वाद लवकर लागतो म्हणतात, म्हणून लिहिते.

ताईंनी तुझा पत्ता दिला. तुझ्या लेखाला चारशे लोकांनी उत्तरं पाठवली असं त्या म्हणाल्या. मला त्यावरच लिहायचंय. मेलेल्या बायकोसाठी चारशे माणसं रडली. जिवंत बायको अकरा वर्षं मागच्या खोलीत डोळे फोडत होती, तेव्हा तिला कुणी पाणी हवं का म्हणून विचारलं नाही. हा राग तुझ्यावर एकट्यावर नाही. पण तू समोर सापडलास.

मला काम येतं. लग्नाआधीपासून येतं, माझ्या वडिलांचं दुकान होतं आणि हे तिथे शिकायला होते. यांच्यापेक्षा माझं बोट हलकं, असं वडील म्हणायचे. पण पाटीवर यांचं नाव लागलं आणि मी भात-भाकरी बघायला लागले. हात थरथरायला लागले तेव्हा हे चार दिवस जेवले नाहीत. मग मीच म्हटलं, मी करते, कुणाला कळणार नाही. तेव्हा मला वाटलं की मी मोठं मन दाखवतेय. आता वाटतं, पाटी तेव्हाच बदलायला हवी होती.

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोललेले नाहीत. तुझ्यावर रागावलेत, पण माझ्यावर जास्त. चारचौघांत डोळ्यावरचं भिंग काढून घेतलं म्हणून. मला त्याचं वाईट वाटतं. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढून घेईन, हेही खरं. ती चाकं तशीच जमिनीवर पडू द्यायची होती का?

आता छापायचं काय ते सांगते. शब्द बदलू नकोस.

"१० मार्चच्या लेखात ज्या बाईंना मयत दाखवलं, त्या जिवंत आहेत. त्या घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या यजमानांनी दुसरा कप कुणासाठी घेतला, हा त्यांचा प्रश्न आहे, वाचकांचा नाही. लेखकाने चौकशी केली नव्हती."

शेवटचं वाक्य गाळशील. गाळू नकोस.

तू स्वतः ये. यांच्यासमोर उभा राहा. पत्रातून माफी मागणं सोपं असतं.

घड्याळकाकांची बायको

---

९ एप्रिल

प्रिय ताई,

काकूंचं पत्र मिळालं. ऑफिसात वाचायला घेतलं आणि मग जिन्यात जाऊन पुरं केलं.

फोटो माझ्याकडे आले होते. त्यातला एक खरोखर मोठा फोटो आहे. काकांचा हात, हवेत पडणारं चाक. संपादक म्हणाले, पहिल्या पानावर घेऊ. आणि ताई, तुझ्यापासून लपवत नाही, एक क्षण मलाही वाटलं, घ्यावा. तेवढ्यात लक्षात आलं की मथळासुद्धा माझ्या डोक्यात तयार आहे. तेव्हा मला माझीच किळस आली.

मी सांगितलं, हे पान गेलं तर मी जातो. पान गेलं नाही. पुरवणीचं काम माझ्याकडून काढून घेतलंय, आता बाजारभाव आणि हवामान बघतो. फोटोग्राफरकडून मूळ फोटो मागून घेतले, तो बरंच बोलला. ते घेऊन येतो आहे, काकांच्या हातात देतो. त्यांनी फाडावेत नाही तर ठेवावेत.

काकूंचा मजकूर येत्या रविवारी छापून येतोय. चौथं वाक्य मी गाळू दिलेलं नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने पोचतो. दार उघडशील ना?

खडू

---

२ मे

प्रिय खडू,

'प्रिय' लिहिलंय, बघ. राग गेला असं समजू नकोस.

तुमची दुरुस्ती मला भिंग लावून शोधावी लागली. आतल्या पानावर, पंख्याच्या जाहिरातीखाली. बाईला मारलंत तेव्हा अर्धं पान, जिवंत केलंत तेव्हा चार ओळी! हे तुझ्या संपादकांना माझ्या नावाने सांग, आणि याच शब्दांत सांग. कंडक्टरबाईंनी तरी ते पेपर वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचलं. न्हावी समोरच होता. "हा त्यांचा प्रश्न आहे, वाचकांचा नाही" हे वाक्य बाईंनी त्याच्याकडे बघत दोनदा वाचलं.

तू आलास, उभा राहिलास, ते बरं केलंस. काकांनी तुला जे विचारलं, "पोटापाण्यासाठी दुसरं काही येतं का तुला?" ते आता गावात म्हणीसारखं झालंय. पाववाला उठसूट मला तेच विचारतो. पण तू गेल्यावर काकांनी ते फोटो फाडले नाहीत, हे तुला सांगायचं राहिलं. कपाटात ठेवलेत, असं काकू म्हणाल्या. का ठेवलेत ते मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

काकू आता पुढच्या खोलीत बसतात, दार उघडं ठेवून. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. बाईमाणूस घड्याळाला हात लावणार म्हटल्यावर लोकांना शंका. अरे, अकरा वर्षं तोच हात लागत होता! मग कंडक्टरबाई त्यांचं मनगटी घड्याळ घेऊन गेल्या, मग शाळेचं गेलं. परवा शहरातून एक बाई आल्या होत्या. तुझा लेख वाचलेला, डोळ्यात पाणी. काकूंना म्हणाल्या, "तुम्हाला भेटायचं होतं." काकू म्हणाल्या, "घड्याळ आणलंय का?" नाही म्हणाल्या. "मग उजेडातून जरा बाजूला व्हा."

काका मात्र माझ्याकडे येत नव्हते. घरात बोलायला लागलेत, जेवढ्यास तेवढं. रस्त्यात दिसले तर टोपीला हात लावायचे आणि पुढे जायचे. मला वाटलं होतं, थोडे दिवस जाऊ देत, येतील. सात आठवडे झाले. तुला सांगते, त्या खिडकीकडे बघितलं की तुझा लेख पुन्हा फाडावासा वाटायचा.

आज सकाळी आले. बसले नाहीत. दारात उभे राहिले, आत सगळीकडे एकदा बघून घेतलं. गर्दी होती. मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. कॅफेतले सगळे एकदम आपापल्या बशीत बघायला लागले.

काकांनी माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं, आणि त्यांनी ते खाली घेतलं नाही.

"तुमचं हे घड्याळ चार मिनिटं मागे आहे," म्हणाले, चांगलं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिला सांगतो."

तुझी ताई